गंध रिसेप्टरची अँटिबॉडी: बँड आला म्हणजे झालं का?

मागच्या अंकात वासाच्या रिसेप्टरबद्दल, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या वास पकडणाऱ्या प्रोटीनबद्दल, थोडंसं लिहिलं आणि प्रश्नांची रीघच लागली. निम्मे प्रश्न लॅबमधल्या पोरांचे, बाकीचे ज्यांचा वास गेलाय अशांचे, आणि गंमत म्हणजे दोघांचा विषय एकच: मानवी गंध रिसेप्टर ओळखणारी अँटिबॉडी. तर यावेळी तेवढंच घेऊया. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा प्रश्न कापला गेला असेल तर रागावू नका.

प्रश्न: ताई, कोविडनंतर माझा वास गेला तो अजून धड परत आला नाही. नेटवर शोधताना 'मानवी ओल्फॅक्टरी रिसेप्टर अँटिबॉडी' अशी छोटी कुपी विकायला दिसली. हे औषध आहे का? निदान नाकातले रिसेप्टर शिल्लक आहेत का हे तरी यावरून कळतं का?

नाही आणि नाही. आणि कृपा करून ती कुपी नाकाच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, कारण अशा बऱ्याच कुप्यांत अँटिबॉडी टिकावी म्हणून सोडियम अझाइड घातलेलं असतं आणि ते विषारी आहे. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं ते उगाच नाही. ही अँटिबॉडी म्हणजे कुठल्या तरी एका रिसेप्टरच्या छोट्याशा तुकड्याला चिकटणारं प्रोटीन, ते पेशींवर किंवा ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं उमटवलेल्या कागदासारख्या पटलावर, टाकायचं आणि ते कुठे चिकटलं हे रंगाने किंवा चमकेने बघायचं, बस. ती काही दुरुस्त करत नाही.

टेस्ट म्हणूनही उपयोग नाही, कारण माणसात चालू स्थितीतली गंध रिसेप्टरची जीन्स साधारण ४०० आहेत आणि ही कुपी त्यातला एखादाच ओळखणार. शिवाय कोविडमध्ये आधी मार खातात त्या वास घेणाऱ्या न्यूरॉन्सच्या शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी, व्हायरसला आत शिरायला लागणारा एसीई२ त्यांच्यावर असतो, न्यूरॉन्सवर जवळपास नसतो. तुम्ही कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना भेटा आणि स्मेल ट्रेनिंगबद्दल विचारा, म्हणजे ठरावीक चार वास रोज दोन वेळा लक्ष देऊन घ्यायचे, महिनोन्महिने. कंटाळवाणं आहे, पण त्यामागे अभ्यास तरी आहेत.

प्रश्न: मॅडम, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मानवी गंध रिसेप्टरवरची रॅबिट पॉलिक्लोनल घेतली, वेस्टर्न ब्लॉट केला. ३५ किलोडाल्टनला बँड यायला हवा होता, तिथे फिका बँड आहे, ७० च्या आसपास जाड बँड आहे आणि वरती नुसता धूर. गाईड म्हणतात ३५ चा बँड कापून फिगरमध्ये लाव. लावू का?

थांब, लावू नकोस. (बाकीच्यांसाठी: वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीनं जेलमधून धावून आकारानुसार वेगळी होतात आणि अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं माप, आणि रॅबिट पॉलिक्लोनल म्हणजे सशाकडून मिळालेलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण.) आधी हे बघ की तू सॅम्पल उकळलंस का. बहुतेक उकळलं असशील, ९५ डिग्रीला पाच मिनिटं, सगळ्या प्रोटोकॉलमध्ये तेच लिहिलेलं असतं आणि साध्या प्रोटीनला ते चालतं. पण गंध रिसेप्टर पडली जीपीसीआर जातीतली, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारी, म्हणजे अंगभर तेलकट भाग, आणि उकळलं की ती एकमेकांना अशी चिकटतात की जेलमध्ये शिरतच नाहीत. तुझा वरचा धूर बऱ्यापैकी तोच असणार. पुढच्या वेळी बफरमध्ये सॅम्पल ३७ डिग्रीला अर्धा तास ठेव, किंवा नुसतं खोलीच्या तापमानाला, आणि एक लेन मुद्दाम उकळलेली घे म्हणजे फरक त्याच ब्लॉटवर दिसेल.

७० चा बँड दोन रिसेप्टर चिकटून झालेला असू शकतो आणि दुसरंच कुठलं प्रोटीनही असू शकतं, नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. ३५ चंही तसंच. ही रिसेप्टर साधारण ३१० ते ३२० अमिनो ॲसिडची, हिशोबाने ३५ च्या आसपास, पण पडद्यातली प्रोटीनं जेलमध्ये हिशोबाप्रमाणे धावत नाहीत, कधी पुढे पळतात, आणि सुरुवातीच्या टोकाला साखर लागलेली असते त्यामुळे कधी मागे राहतात. साखरेचं तपासायचं असेल तर पीएनगेज एफ एन्झाइम घालून बघ, बँड खाली सरकला तर निदान एवढं कळलं की हे साखर लागलेलं प्रोटीन आहे. तुझंच आहे हे तरीही सिद्ध नाही झालं!

आता मुख्य मुद्दा, आणि हा गाईडना पण दाखव. तुझी अँटिबॉडी त्या रिसेप्टरला ओळखते याचा पुरावा तुझ्याकडे काय आहे? डेटाशीटवरचा फोटो? तो कुठल्या सॅम्पलचा आहे ते वाच, पुष्कळदा एखाद्या कॅन्सर सेल लाइनचा असतो जिथे तो रिसेप्टर असतो की नाही हेच कुणी तपासलेलं नसतं. शेजारी 'ब्लॉकिंग पेप्टाइड घातल्यावर बँड गेला' अशी दुसरी लेन असते. अगं, जाणारच ना! ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनवली तेच पेप्टाइड आधी पाजलं तर ती कुठेच चिकटणार नाही, बरोबर ठिकाणीही नाही आणि चुकीच्या ठिकाणीही नाही. त्यातून एवढंच कळतं की सिग्नल त्या पेप्टाइडवरच्या अँटिबॉडीचा आहे, कुठल्या प्रोटीनचा आहे ते नाही.

तू असं कर. एचईके२९३ पेशी (लॅबमध्ये वाढवतात ती नेहमीची मानवी सेल लाइन) घे, त्यात तुझा रिसेप्टर घाल पण पुढच्या टोकाला टॅग लावून. या क्षेत्रात ऱ्होडॉप्सिनची पहिली २० अमिनो ॲसिडं लावायची पद्धत आहे, त्याला ऱ्हो टॅग म्हणतात आणि त्यावर ४डी२ नावाची चांगली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जातीची अँटिबॉडी, मिळते. सोबत आरटीपी१ या मदतनीस प्रोटीनची शॉर्ट आवृत्ती पण घाल, कारण ही रिसेप्टर दुसऱ्या पेशीत घातली की पेशीच्या आतल्या प्रोटीन बनवणाऱ्या कप्प्यात, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच, अडकून बसतात, पृष्ठभागावर येतच नाहीत, आणि त्यांना वर आणणारे हे मदतनीस मात्सुनामींच्या लॅबने २००४ मध्ये शोधले तोवर निम्मं क्षेत्र याच अडचणीत होतं. मग एका ब्लॉटवर चार लेन: रिकामं प्लाझ्मिड (जीन पेशीत नेणारा डीएनए, पण रिसेप्टरशिवाय), तुझा रिसेप्टर, त्याच उपकुळातला सगळ्यात जवळचा रिसेप्टर, आणि लांबचा एक, तिन्ही रिसेप्टर टॅग लावलेले. टॅगच्या अँटिबॉडीने तिन्ही रिसेप्टर दिसायला हवेत, तुझ्या रॅबिटने फक्त एक. रिकाम्या लेनमध्येही तोच ३५ चा बँड दिसला तर मग फिगरचा विषयच संपला.

जवळचा रिसेप्टर घ्यायचाच, तो टाळू नकोस. गंध रिसेप्टर म्हणजे मोठं एकत्र कुटुंब आहे, चेहरे इतके सारखे की बाहेरच्याला ओळखू येत नाहीत. एका उपकुळातले सभासद ६० टक्क्यांहून जास्त जुळतात, काही जोड्या तर त्याच्याही खूप पुढे. अँटिबॉडी बनवणाऱ्याने जर सगळ्यांत सारखा असलेला तुकडा निवडला असेल तर तुला एक नाही, अख्खं उपकुळ दिसणार. म्हणून कंपनीला मेल करून इम्युनोजेनचा, म्हणजे ज्या तुकड्यावर अँटिबॉडी बनवली त्याचा, सिक्वेन्स माग आणि स्वतः ब्लास्ट करून, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रोटीनांशी जुळवून, बघ. सिक्वेन्स गुप्त आहे म्हणाले तर निदान 'कितव्या ते कितव्या अमिनो ॲसिडमधला' एवढं तरी सांगा म्हणावं. तेही सांगत नसतील तर माझं मत, ती अँटिबॉडी परत करायच्या लायकीची.

प्रश्न: माझ्या कुपीवर ओआर४एफ३/४एफ१६/४एफ२९ असं लिहिलंय. म्हणजे तीन रिसेप्टरना चिकटते का? मग स्पेसिफिक कशी?

या केसमध्ये कंपनीचा दोष नाही. ही तीन जीन्स जीनोममध्ये वेगवेगळ्या जागी आहेत पण त्यांच्यापासून बनणारं प्रोटीन एकसारखंच, डेटाबेसमध्येही तिघांची मिळून एकच नोंद आहे. ओआर२ए१ आणि ओआर२ए४२ यांचंही तसंच. इथे जगातली कुठलीच अँटिबॉडी फरक करू शकणार नाही, जीनच्या पातळीवर बघावं लागेल. नाव वाचायची रीत अशी: ओआरनंतरचा आकडा कुळाचा, मग अक्षर उपकुळाचं, मग सभासदाचा नंबर, आणि शेवटी पी असेल तर ते मेलेलं जीन. माणसात अशी १८ कुळं आहेत आणि मेलेली जीन्स चालू जीन्सपेक्षा जास्त आहेत. त्यामुळे कुपीवरच्या नावाच्या शेवटी पी दिसला तर ती विकत घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करा!

प्रश्न: नाकाच्या वरच्या भागातल्या बायोप्सीच्या सेक्शनवर इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडीने रंगवणं, केलं. सगळा थर मस्त हिरवागार चमकतोय. आमच्याकडे सगळे खूश आहेत, मलाच शंका येतेय.

तुमची शंकाच बरोबर आहे. प्रत्येक गंध न्यूरॉन सहसा एकच रिसेप्टर बनवतो, ४०० पैकी एक. मग एका रिसेप्टरची खरी अँटिबॉडी असेल तर सेक्शनवर काय दिसायला हवं? काळोखात इथे एक पेशी, तिथे एक, मध्ये भरपूर मोकळी जागा. चमकणाऱ्या पेशीचा आकारही बघा: गोलसर शरीर थराच्या मधोमध, तिथून वर निघालेली बारीक दांडी, टोकाला छोटी गाठ आणि गाठीवर सिलियाचा, म्हणजे केसांसारख्या बारीक तंतूंचा, झुपका, आणि सगळ्यात जास्त चमक त्या गाठीवर आणि सिलियावर हवी कारण वास पकडायचं काम तिथेच होतं. पूर्ण थर पेटलाय, आधार देणाऱ्या पेशींसकट, तर अँटिबॉडी दुसरंच काहीतरी पकडतेय. किंवा पकडतच नाहीये आणि टिश्यू स्वतःच चमकतोय! माणसाच्या या टिश्यूत, विशेषतः वय झालेल्यांच्या, लिपोफ्युसिन नावाचं पिवळट रंगद्रव्य साचतं आणि ते हिरव्या चॅनलमध्ये छान उजळतं. एक सेक्शन काहीही न लावता आणि एक फक्त सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी, चमक देणारी दुसरी अँटिबॉडी) लावून बघा, मग खुशी किती टिकते ते कळेल.

आणखी एक म्हणजे बायोप्सी खरंच गंधाच्या भागातली आहे का? माणसाच्या नाकात हा भाग काही चौरस सेंटिमीटरचाच, त्यात मध्ये मध्ये साध्या श्वासाच्या अस्तराचे ठिपके, सर्जनचा हात चार मिलिमीटर खाली गेला तरी चुकीचं अस्तर हातात येतं. म्हणून सोबत ओएमपी, म्हणजे ओल्फॅक्टरी मार्कर प्रोटीन, लावाच. ते सगळ्या पक्व गंध न्यूरॉन्समध्ये असतं. ओएमपीचा पूर्ण पट्टा आणि त्यात तुमच्या रिसेप्टरचे विखुरलेले ठिपके, दोन्ही एकाच पेशीत, असं चित्र आलं तर मग खूश व्हा. शेजारच्या सेक्शनवर त्याच रिसेप्टरच्या आरएनएचं इन सिटू (टिश्यूत आरएनए कुठल्या पेशीत आहे ते दाखवणारी पद्धत) करून साधारण तेवढ्याच पेशी दिसतात का हेही बघता आलं तर रिव्ह्यूअरचं तोंड बंद. अँटिबॉडी चांगली असेल तर काय काय दिसू शकतं याचं आवडतं उदाहरण सांगते, २००४ मध्ये शास्त्रज्ञ रिचर्ड ॲक्सेलच्या लॅबने उंदरांच्या रिसेप्टरवर अँटिबॉडी बनवून दाखवलं की ही रिसेप्टर फक्त नाकातल्या सिलियावर नाहीत, त्याच न्यूरॉनच्या मेंदूपर्यंत गेलेल्या ॲक्सॉनच्या (लांब तंतूच्या) टोकावरही आहेत. १९९१ मध्ये लिंडा बक आणि ॲक्सेलने ही जीन्स शोधली त्यानंतर इतकी वर्षं मुख्यतः आरएनएवरूनच काम चाललं होतं, कारण धड अँटिबॉडी फार थोड्या होत्या. अजूनही थोड्याच आहेत, कॅटलॉग कितीही जाड दिसला तरी.

प्रश्न: जिवंत पेशींवर फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणारी पद्धत) केली, काहीच सिग्नल नाही. ब्लॉटवर मात्र दिसतो.

डेटाशीटवर 'सी टर्मिनल', म्हणजे प्रोटीनचं शेवटचं टोक, लिहिलंय ना? मग कसा येणार सिग्नल, ते टोक पेशीच्या आत असतं आणि जिवंत पेशीच्या आत अँटिबॉडी जात नाही. बाहेर असतो तो एन टर्मिनलचा, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचा, छोटासा तुकडा आणि तीन लूप, त्यातला दुसरा या रिसेप्टरमध्ये चांगला लांब असतो. त्यातल्या एखाद्यावर बनवलेली घ्या, नाहीतर टॅगवर काम भागवा. पेशींना भोकं पाडून आतलं रंगवलं तर सिग्नल येईल, पण मग तो पृष्ठभागावरचा आहे असं म्हणता येणार नाही आणि एचईकेमध्ये बहुतेक माल आतच अडकलेला असतो हे वर सांगितलंच.

प्रश्न: नाकातले रिसेप्टर प्रोस्टेटमध्ये, त्वचेत, शुक्राणूत सापडतात असं वाचलं. खरं की अँटिबॉडीचा घोळ?

दोन्ही आहे, म्हणूनच हा भाग मला आवडतो आणि वैताग पण आणतो. खरं असलेलं सांगते. शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत गंध रिसेप्टरचे आरएनए १९९२ मध्येच दिसले होते, आणि २००३ मध्ये ओआर१डी२ हा रिसेप्टर बूर्जिओनॅल नावाच्या सुगंधी रेणूला प्रतिसाद देतो आणि माणसाचे शुक्राणू त्याच्या दिशेने पोहतात असं दाखवलं. ओआर५१ई२ तर प्रोस्टेटमध्ये इतका भरपूर की त्याचं दुसरं नावच त्यावरून पडलं, पीएसजीआर, प्रोस्टेटमधला म्हणून, आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तो वाढलेला दिसतो. त्वचेच्या पेशींत ओआर२एटी४ आहे, तो कृत्रिम चंदनाच्या सँडलोअर या रेणूने चालू होतो असं २०१४ मध्ये आलं. या सगळ्यांत नुसता अँटिबॉडीचा रंग नाही, आरएनए आहे, रेणू टाकल्यावर कॅल्शियम वाढलं का ते बघणं आहे, काहींत रिसेप्टर दाबल्यावर परिणाम कमी होणं आहे.

आणि हेही लक्षात घ्या की माणसाच्या गंध रिसेप्टरची रेणू धरून बसलेली रचना पहिल्यांदा दिसली २०२३ मध्ये, आणि ती याच ओआर५१ई२ ची, प्रोपिओनेट धरलेल्या अवस्थेत, क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने. त्यालाच का? बरीच कारणं आहेत, पण एक साधं कारण हे की तो नाकाबाहेरही बनतो आणि साध्या सेल लाइनमध्ये इतरांपेक्षा बरा व्यक्त होतो. बाकीचे लाजरे.

घोळ कुठला? तर 'अमुक अवयवात तमुक रिसेप्टर सापडला' असे पेपर जिथे एकच अँटिबॉडी, एकच तपकिरी स्लाइड, आणि पुढे लगेच आजाराशी संबंध. असं वाचलं की मी सरळ मेथड्समध्ये जाते आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी केलेली पडताळणी, शोधते. नसेल तर पान उलटते, वेळ नाही तेवढा.

प्रश्न: आमच्या पेशींत पीसीआरने रिसेप्टर स्पष्ट येतो, अँटिबॉडीने येत नाही. अँटिबॉडी खराब समजायची का?

आधी पीसीआर खराब समजा. गंध रिसेप्टरच्या जीनमध्ये प्रोटीन बनवणारा भाग सलग असतो, मध्ये इंट्रॉन नसतो. त्यामुळे आरएनएमध्ये थोडा जरी जीनोमिक डीएनए राहिला तरी अगदी त्याच लांबीचा बँड येतो आणि आपल्याला वाटतं रिसेप्टर मिळाला. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावा, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली ट्यूब प्रत्येक सॅम्पलला ठेवा. त्यातही बँड आला तर अँटिबॉडी बिचारी खरं बोलत होती!

प्रश्न: अँटिबॉडी उणे २० ला ठेवते पण हळूहळू सिग्नल कमी होत चाललाय. आणि सोडियम अझाइडने एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, सिग्नल देणारं एन्झाइम) मरतो म्हणतात, मग कुपीतल्या अझाइडचं काय?

पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं बंद करा. आल्याबरोबर छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवायची, एकदा काढलेला भाग ४ डिग्रीला आणि तो संपेपर्यंत तोच. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठतच नाही, तेव्हा तो त्रास कमी. अझाइड एचआरपीला मारतं हे खरं, पण प्रायमरीसोबत, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीसोबत, आलेलं अझाइड धुण्यात निघून जातं. तुम्ही एचआरपीवाल्या सेकंडरीच्या बफरमध्ये किंवा त्यानंतरच्या धुण्यात अझाइड घालत असाल तर मात्र सिग्नल जाणारच, आणि ज्या प्रायमरीलाच थेट एचआरपी जोडलंय तिच्यात तर नकोच. आणि अझाइड असलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, शिसं किंवा तांब्याच्या पाइपमध्ये साचून स्फोटक क्षार बनतात. हे सांगायचं म्हणून सांगत नाहीये.

प्रश्न: पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल, रिकॉम्बिनंट, काय घेऊ? आणि रिव्ह्यूअरने 'अँटिबॉडी व्हॅलिडेशन द्या' असं लिहिलंय, नक्की काय द्यायचं?

मिळत असेल तर रिकॉम्बिनंट (ठरलेल्या जीनवरून लॅबमध्ये बनवलेली), कारण तिचा सिक्वेन्स ठरलेला असतो आणि पुढच्या वर्षीही तीच वस्तू मिळते. पॉलिक्लोनलमध्ये ससा बदलला की अँटिबॉडी बदलली, नाव आणि कॅटलॉग नंबर तेच राहतात, त्यामुळे लॉट नंबर लिहून ठेव आणि नवा लॉट आला की कंट्रोल पुन्हा. प्रॉब्लेम असा की बहुतेक गंध रिसेप्टरना पॉलिक्लोनलशिवाय काही मिळतच नाही, मग आहे तिच्यावरच मेहनत घ्यावी लागते.

रिव्ह्यूअरसाठी २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवलेत: जीन काढून किंवा दाबून सिग्नल जातो का बघणं, आरएनएसारख्या अँटिबॉडीशिवायच्या पद्धतीशी जुळवणं, त्याच प्रोटीनच्या दुसऱ्या भागावरच्या अँटिबॉडीशी जुळवणं, टॅग लावलेल्या प्रोटीनशी जुळवणं, आणि पकडलेलं प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पाचही नाही जमणार, तुझ्या रिसेप्टरला टॅगवाला आणि आरएनएवाला सगळ्यात सोपा, आणि पेशींत रिसेप्टर मुळातून बनत असेल तर क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने ते जीन काढून बघणं सगळ्यात भारी. मेथड्समध्ये कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटिबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक), इम्युनोजेनचा भाग, डायल्युशन आणि सॅम्पल किती डिग्रीला तापवलं ते लिही, आणि सप्लिमेंटमध्ये पूर्ण न कापलेला ब्लॉट टाक, धूर असेल तर धुरासकट.